मनगटापर्यंत माझं

गेल्या वर्षी मी माझ्या जुन्या वह्यांचे फोटो काढून फोनवरून लोकांना दाखवायला सुरुवात केली, तेव्हा आमचे हे म्हणाले, "आता या वयात?" मी म्हटलं, "मग कोणत्या वयात? मेल्यावर?" त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. उलट फोटो काढताना वहीवर सावली पडू नये म्हणून पडदा धरून उभे राहायला लागले.

मी कवळ्या करते. दाताचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवतात, मी त्यावरून प्लॅस्टरचा साचा घेते, मेण लावते आणि एकेक दात बसवते. तीस वर्षं हेच चाललंय. कॉमिक काढणं हा छंद, आणि तो या कामाहून कितीतरी जुना. माझ्या पात्रांचे दात मोजून घ्या, एकही खोटा निघायचा नाही. चेहरे मला जमतात, कपड्यांच्या चुण्या जमतात, कुत्री तर फारच छान जमतात. एकच गोष्ट जन्मात जमली नाही, ती म्हणजे हात.

माझ्या नायकाचं नाव झाकणराव. एका खाणावळीत भांडी घासणारा साधा गृहस्थ. पण त्याने पातेल्याचं झाकण भिरकावलं की ते बरोबर चोराच्या टाळक्यात बसायचं आणि मुकाट्याने परत यायचं. मी नऊ वर्षांची असताना तो जन्मला, आणि तेव्हा त्याला हात होते. नुसते हात नाहीत, देखणे हात होते. ते माझा दादा काढायचा.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमचा करार साधा होता. मनगटापर्यंत माझं, पुढचं त्याचं. शाळेतून आले की मी पानभर माणसं काढायची, सगळी मनगटाशी तुटलेली, आणि वही त्याच्या उशीवर ठेवून द्यायची. तो आला की खिडकीशी बसून हात भरायचा. रागाने वळलेली मूठ, गालावर टेकलेली बोटं, पोलिसाने कमरेवर ठेवलेला पंजा. संवादाच्या फुग्यात मी वाट्टेल ते लिहिलेलं असो, दादाने हात भरला की माणूस काय म्हणतोय ते आधीच कळायचं. मी शेजारी बसून पेन्सिलींना टोक काढून द्यायचे आणि मधे मधे "झालं का? झालं का?" करून त्याचं डोकं खायचे. त्या दोन वर्षांत आमच्या साडेसहा वह्या झाल्या. इतक्या सुखात मी पुढे कधी होते का, हे मला खरंच सांगता येणार नाही.

तर या वह्या मी लोकांना दाखवायला लागले. दोनशे-तीनशे माणसं बघायची. कुणी हसायचं, कुणी आपल्या लहानपणीच्या वह्या आईने रद्दीत घातल्याचं दुःख सांगायचं. आणि मग एक दिवस एका अनोळखी बाईने लिहिलं, "ताई, मी हातमोजे शिवते. तुमच्या झाकणरावाला माझ्याकडे जोडी मिळायची नाही. त्याचे दोन्ही हात डावे आहेत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी लॅबमध्ये होते. हातातलं मेण खाली ठेवलं आणि फोनवर एकेक चित्र मोठं करून बघितलं. झाकणरावाचे दोन्ही हात डावे. पोलिसाचे डावे. राणीचे डावे. पाळण्यातल्या पोराचेसुद्धा डावे. आईने आम्हा दोघांत कधी उजवं-डावं केलं नाही, दादाने तर सगळ्या जगातच केलं नव्हतं. कारण उघड होतं. पेन्सिल त्याच्या उजव्या हातात, म्हणजे समोर धरून बघायला डावाच मोकळा. मग मला आणखी एक गोष्ट दिसली, जी त्या बाईला कळणं शक्य नव्हतं. प्रत्येकाची करंगळी टोकाशी जराशी वाकडी होती. चेंडू लागून दादाची झाली होती, अगदी तशी. चोर, राणी, पोलीस, सगळ्यांना माझ्या भावाचाच हात होता आणि त्रेचाळीस वर्षांत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी तिथेच बसून रडले. मालकांना सांगितलं, डोळ्यांत प्लॅस्टरची धूळ गेली.

सातवी वही अर्धी झाली आणि दादाने हात काढणं सोडलं. का, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आठव्या वहीपासून माझ्या जगात सगळ्यांचे हात खिशात गेले. झाकणराव झाकण डोक्यावर घालून टक्कर मारायला लागला. राणीला कायमची थंडी, म्हणून ती शालीत. दरोडेखोर हात पाठीमागे बांधून दरोडा घालायचे आणि पैसे कसे उचलायचे हे मी कधी दाखवलं नाही. हल्ली कुणीतरी लिहिलं होतं की ही माझी खास शैली आहे. म्हटलं, असू दे.

हे सगळं चाललेलं असताना आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला. पहिल्या सात वह्या त्यांना महिनाभर काचेच्या कपाटात मांडायच्या होत्या. मी हवेत. त्यांनी एक अर्ज पाठवला, सोमवारपर्यंत भरून द्या म्हणाल्या. त्यात पहिलंच वाक्य होतं, 'सदर चित्रं मी स्वहस्ते काढलेली आहेत.' आणि खाली बारीक अक्षरात, एकाहून अधिक चित्रकार असल्यास प्रत्येकाची सही आवश्यक.

मी एकटीने सही केली असती तर कोण विचारणार होतं? पण त्या शब्दाशी माझं पेन अडलं. त्यातलं स्व माझं होतं, हस्तेच तेवढं नव्हतं.

आणि दादाकडे सही मागायची म्हणजे त्या बक्षिसाचा विषय निघणार. मी अकरा वर्षांची असताना शाळेत सहाव्या वहीला पहिलं बक्षीस मिळालं. बाईंनी माझं एकटीचं नाव पुकारलं. दादा मागे दाराशी उभा होता. मला म्हणता आलं असतं, बाई, हात दादाने काढलेत. मी म्हटलं नाही. कप घेतला, त्याला बांधलेली निळी फीत बोटाला गुंडाळली आणि खाली उतरले. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत त्याने हात काढणं सोडलं. दोन आणि दोन चार करायला मला कुणाची मदत लागली नाही.

तसं आमचं वाकडं काहीच नाही. दर रविवारी फोन असतो. त्याचे गुडघे, माझं ब्लडप्रेशर, वहिनीच्या बहिणीची भांडणं, सगळं बोलतो. पण तो घरी आला की भिंतीवरची माझी चित्रं पाठीमागे हात बांधून बघतो, "हं" म्हणतो आणि पुढे जातो. चित्र कधी हातात घेत नाही. तो राग असणार, असं मी धरून चालले होते. सही मागितली आणि तो नुसताच "हं" म्हणाला तर काय, याची मला भीती वाटत होती. पन्नाशी उलटलेल्या बाईला मोठ्या भावाची भीती वाटते, हे कुणाला सांगायची सोय नाही.

रविवारी सकाळी वह्या पिशवीत घालून गेले. दादा पेपर पसरून मटार सोलत होता. दोन वर्षांपूर्वी बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून वहिनीने त्याला भाज्यांचं खातं दिलंय.

"वन्सं, या. बरं झालं आलात," वहिनी म्हणाली. "हे शेंगा कमी सोलतात आणि दाणे जास्त खातात."

मी त्याला हातमोजेवाल्या बाईचं सांगितलं. तो इतका हसला की मटार घरंगळले.

"मला तेव्हाच माहीत होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तुला म्हटलं असतं, उजवा हात पुढे धर, तर तू दोन मिनिटं एका जागी बसली असतीस? तुला सगळं आत्ता हवं असायचं, चिंगे. म्हटलं, डावा तर डावा."

घरात आता मला चिंगी म्हणणारा तो एकटाच उरलाय. मी अर्ज काढून पुढे ठेवला आणि धीर आहे तोवर बोलून टाकलं. "दादा, त्या बक्षिसाचं माझ्या मनात राहून गेलंय."

"कुठलं बक्षीस?"

"शाळेतलं. सहाव्या वहीचं."

त्याने आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं, उगाच नाही. "पोहण्याचं मिळालं होतं ते?"

"मला पोहता येत नाही."

"मग नाही बाई लक्षात."

"अरे, तू दाराशी उभा होतास. बाईंनी माझं एकटीचं नाव घेतलं. त्यामुळेच तू हात काढायचं सोडलंस ना?"

दादा शेंग सोलत राहिला. मग म्हणाला, "सातवी वही आणलीयस?"

मी ती त्याच्यापुढे ठेवली. तो म्हणाला, "तू उलट पानं." मी उलटत गेले. अर्ध्याच्या जवळ आल्यावर तो "थांब" म्हणाला.

त्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक काळपट डाग आहे. मला वाटायचं, स्वयंपाकघरातला तेलकट डाग असेल. लोकांना दाखवायचा फोटो काढला तेव्हा तो फोनवर पुसून टाकायला मी अर्धा तास घालवला होता.

"हा माझा अंगठा," दादा म्हणाला. "वर्कशॉपला लागून दोन-तीन आठवडे झाले असतील. ग्रीस जाता जात नाही गं. साबण लावला, रॉकेल लावलं, विटेच्या तुकड्याने घासलं. वाटलं, निघालं. वही धरली तर हा उमटला. तू बघितलंस आणि ओरडलीस, माझ्या वहीला हात लावू नकोस."

"मी?"

"मग काय मी?" तो हसला. "तुझं काही चुकलं नव्हतं. चांगलं पान घाण केलं होतं मी."

"आणि मग?"

"मग नाही लावला."

मला त्यातलं काही म्हणता काही आठवेना. कपाची फीत आठवत होती, तिचा निळा रंग आठवत होता, आणि हे साफ पुसलं गेलं होतं. त्रेचाळीस वर्षं मी भलत्याच गोष्टीचं वाईट वाटून घेत होते. खरी गोष्ट तोंडातून निघून गेली होती आणि मी बहुतेक दुसऱ्याच दिवशी विसरून खेळायला गेले असणार. मला स्वतःची इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती, आणि लाज वाटली की मला राग येतो.

"अरे, पण मी अकरा वर्षांची होते," मी म्हटलं. "अकरा वर्षांच्या पोरीचं कुणी मनावर घेतं? कानाखाली वाजवायची होतीस एक."

"घेतलं खरं मनावर."

"एवढ्या वर्षांत एकदा बोलायचं तरी."

"काय बोलणार? घरी आलो की हात रोजचेच काळे." तो मटाराच्या दाण्यांकडे बघत म्हणाला. "वाटायचं, धुतले जातील तेव्हा बघू. मग लग्न झालं, पोरं झाली. राहूनच गेलं."

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. वहिनी ऐकत होती.

मी वही त्याच्याकडे सरकवली. डाग वरच्या कोपऱ्यात होता आणि खाली तीन चौकटी होत्या. झाकणराव, चोर आणि खाणावळीची मालकीण. तिघंही मनगटाशी तुटलेली, जशी मी त्या संध्याकाळी उशीवर ठेवली होती तशीच. मी ती कधी भरली नव्हती. खिशात तरी कशी घालणार, बाह्या वर काढून ठेवल्या होत्या. मी पिशवीतून पेन्सिल काढली.

"आधी हे भर," मी म्हटलं. "मग सही कर."

"आत्ता?"

"आत्ता."

"वाचनालयात लोक बघणार आहेत गं ते. खराब होईल."

"होऊ दे. दादा, हात लाव."

तो उठला. मला वाटलं, चष्मा आणायला गेला. पण तो मोरीत गेला आणि नळ सोडला. साबणाचा आवाज येत राहिला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण शेवटी वहिनी म्हणाली, "अहो, मटारच सोलत होतात ना? एवढं काय धुताय?" त्याने नखं घासायचा ब्रश कुठे आहे, एवढंच विचारलं.

बाहेर आला तो टॉवेलने एकेक बोट पुसत. माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. आधी तळवे, मग उलटे करून नखं. हात केव्हाचे स्वच्छ होते. दोन वर्षांपासून स्वच्छ होते.

"बघ," तो म्हणाला. "चालतील का?"

मी ते हात धरले. मग त्यातल्या उजव्या हातात पेन्सिल दिली आणि माझा उजवा हात पुढे धरून एका जागी बसले.