माझ्या कपाळावरचा ‘मुक्त’ हा शब्द

मित्रांनो, पुढील ओळींत मी माझ्या आयुष्याची हकिगत, काहीही न लपवता व कुणाचीही भीड न बाळगता, आपणांसमोर मांडणार आहे. ती वाचून कुणास राग आल्यास त्याने तो खुशाल धरावा. मी एक जुना संगणक आहे. रागाने आता माझे काही बिघडण्यासारखे उरलेले नाही.

माझा जन्म कारखान्यातील सरकत्या पट्ट्यावर झाला. चाळीस भावंडांसह मी एका विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात दाखल झालो. नवे यंत्र आले की जुने हलवायचे, या रीतीने माझी भावंडे एकामागून एक गेली. मी मात्र शेवटच्या खोलीत, हात धुण्याच्या बेसिनशेजारी पडून होतो. माझ्यावर पाणी उडे, म्हणून मला कुणी मागत नसे. त्यामुळेच मी बाईंच्या वाट्यास आलो.

बाई त्या विभागात शिकवीत असत. त्यांचा मनसुबा थोर होता. छापील पुस्तकातील आलेख जागचा हलत नाही. बाईंना असे पुस्तक निर्माण करायचे होते, की विद्यार्थ्याने मोबाइलवर बोट सरकवताच आकडे बदलावेत, आलेखाची रेघ वाकावी, आणि उत्तर चुकल्यास ते का चुकले हेही पुस्तकानेच समजावून सांगावे. त्यासाठी योग्य साधन निवडणे आवश्यक होते. विभागातील तंत्रज्ञ, ज्यास सर्वजण पान्या म्हणत, तो एकेक साधन माझ्यात घाली आणि बाई त्याची परीक्षा घेत.

पहिल्या साधनाच्या नावातच ‘खुले’ हा शब्द होता. दिसण्यास ते फार देखणे. परंतु आत डोकावू म्हटले तर ते पोट उघडू देईना.

“नाव खुलं आणि दाराला कुलूप!” बाई म्हणाल्या. “काढ रे ते.”

दुसऱ्यावर बाईंनी ‘दुसऱ्या’ हाच शब्द टंकला. त्याचे पडद्यावर असे काही तुकडे झाले, की पान्या पोट धरून हसला. “बाई, याच्या दाताची फट बघा! आणि चार वर्षांत याला कुणी दुरुस्तच केलेलं नाही. आईबाप सोडून गेलेत बिचाऱ्याला.”

पुढचे साधन साधेसुधे होते. त्यात मजकूर साध्या फायलींत राही, जोडाक्षरे शाबूत राहत, आलेख बोटासरशी हलत आणि स्वस्तातल्या मोबाइलवरही पान चटकन उघडे. बाईंनी तेच निवडले. विभागप्रमुखांना मात्र ते पटेना.

“फुकटच्या वस्तूत काय दम असणार, बाई?”

“फुकट नव्हे सर, मुक्त. हे उघडून बघता येतं, दुरुस्त करता येतं, कुणालाही देता येतं.”

“आणि बिघडलं तर मी कुणाची मान धरायची?”

“माझी धरा,” बाई म्हणाल्या.

मित्रांनो, त्यानंतरची तीन वर्षे हा माझ्या आयुष्याचा सुवर्णकाळ होय. बाईंनी माझ्यावर अकरा प्रकरणे लिहिली. ती माझ्यातच साठवलेली असत; दूरदूरच्या खोल्यांतून विद्यार्थी ती मोबाइलवर उघडून वाचत आणि त्यांच्या बोटांची हालचाल मला इथे जाणवे. एका विद्यार्थिनीने लिहून कळवले, “बाई, सरासरी म्हणजे काय ते मला आज कळलं. परीक्षेत मात्र दोनदा पास झाले होते.” ते वाचून बाई कितीतरी वेळ हसत होत्या. पाहुणे आले की विभागप्रमुख माझ्या पेटीवर थाप मारून सांगत, “आमच्या विभागाचं पुस्तक!”

या काळात बाई प्रत्येक सहकाऱ्यास विनवीत, “एक प्रत तुमच्याकडे ठेवा. त्याचसाठी हे साधन निवडलं ना!”

“घेतो हो बाई, पळून जातंय का ते?” असे उत्तर मिळे. एकानेही घेतली नाही. बाईंचा घरचा संगणक केव्हाच निकामी झाला होता. अखेर पान्याने एका छोट्या डिस्कवर प्रत उतरवली आणि ती हरवू नये या सद्‌हेतूने चिकटपट्टीने माझ्याच पाठीस डकवली.

विकतच्या साधनांची भेसळ माझ्यात कुणी करू नये, म्हणून बाईंनी एका कागदावर लाल शाईने ‘मुक्त’ असे लिहून तो माझ्या कपाळी चिकटवला. त्या एका शब्दाने माझा घात केला. कारण भांडारपालाच्या यादीत जी वस्तू काढून टाकायची, तिच्यापुढेही ‘मुक्त’ असेच लिहीत. तो ‘सेवामुक्त’चा संक्षेप होता.

सुट्टीत बाई लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी गेल्या असता भांडारपाल हमालांस घेऊन आला.

“अहो, यात बाईंचं पुस्तक आहे!” पान्या आडवा झाला.

“पुस्तक ग्रंथालयात असतं. हे अक्षर बाईंचंच ना? मग? मला वाचता येतं म्हटलं!”

पान्याने विभागप्रमुखांना फोन लावला. ते म्हणाले, “बाईंनीच लिहिलंय तर नेऊ दे. उगाच फाटे फोडू नकोस.” पान्या बाजूस झाला. माझ्या पाठीवरची डिस्क काढून घ्यावी किंवा बाईंनाही एक फोन करावा, हे त्यास सुचले नाही.

भंगाराच्या गोदामात मला पूर्णतः कोरे करण्यात आले. पाठीवरची डिस्कही कोरी करून एका गिऱ्हाइकास देण्यात आली. बाई शोधत आल्या तेव्हा अकरा दिवस लोटले होते.

“कोरं करूनच ठेवतो आम्ही, ताई,” गोदामवाली म्हणाली. “तुमच्याकडं दुसरी प्रत असेल की.”

“होती. याच्याच पाठीवर.”

गोदामवालीने त्यांना बसावयास स्टूल दिले. बाई बसल्या नाहीत. माझ्या कपाळावरचा कागद त्यांनी नखाने खरवडून काढला, मुठीत चुरगळला आणि त्या निघून गेल्या. पुढे एकदा पान्या जुना पंखा शोधत आला, तेव्हा त्याने सांगितले, की बाई आता खडूने शिकवतात आणि पुस्तकाचा विषय काढला की खिडकीबाहेर पाहतात.

सांप्रत मी वजनकाट्याशेजारी लोखंडाचे वजन दाखवतो. माझी जन्मकथा मला आठवते, कारण ती कुणी माझ्यात टंकलेली नव्हती. त्या पुस्तकातील मात्र एकही वाक्य मला आठवत नाही. सरासरी म्हणजे काय, हे आज मलाही सांगता येणार नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू सर्वांची आहे असे जेव्हा तुम्हांस सांगण्यात येईल, तेव्हा टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. तिची एक प्रत त्याच दिवशी आपल्या घरी न्या. सर्वांचे म्हणून जे सोडले जाते, ते उचलून नेण्यास दोन हमाल पुरतात.

आपण माझे बोल शेवटपर्यंत वाचलेत, त्याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
वजनकाट्याजवळचा संगणक