मधल्या ओढीत बंद पडणारं इंजिन

आमच्या बोटीचं इंजिन माझ्याहून दोन वर्षांनी मोठं आहे आणि घरात त्याला माझ्याहून जास्त मान आहे. मी लहानपणी तापाने फणफणले होते तेव्हा बाबा म्हणाले होते, "झोप, उतरेल." इंजिन एकदा नुसतं खोकलं तर त्यांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

गेल्या वर्षी बाबांचा उजवा खांदा निकामी झाला. इंजिन सुरू करायची दोरी ओढणं त्यांना जमेना, म्हणून नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं न्यायचं काम माझ्याकडे आलं. मालकी मात्र बाबांचीच. ते रोज माझ्यासमोरच्या फळीवर, माझ्याकडे तोंड करून बसत आणि कॉपी करणाऱ्या पोराकडे मास्तर बघतो तसे माझ्याकडे बघत.

आणि इंजिन रोज बंद पडे. धक्क्यावरून निघताना अगदी गुणी बाळ. नदीच्या मधोमध, जिथे पाण्याला ओढ आहे, तिथे पोचलं की घुर्र, घुर्र आणि गप्प. बोट आडवी होऊन वाहायला लागे. मी दोरी ओढली की पहिल्या झटक्यात पुन्हा सुरू. पलीकडच्या दवाखान्यातली नर्स आधी घाबरायची, मग तिने सरळ विणकाम आणायला सुरुवात केली. "तुझ्या इंजिनाच्या कृपेने भाच्याचा स्वेटर पुरा झाला गं," ती म्हणाली. मला काही हसू आलं नाही.

खरी जळजळ वेगळीच होती. माझा पलीकडे राहणारा चुलतभाऊ चालवायला बसला की हेच इंजिन सुतासारखं सरळ. त्याला सगळे पायलट म्हणतात. त्याने विमान कधी जवळून पाहिलेलं नाही, पण काळा चष्मा आहे. तो बसला की बाबा बोटीच्या पुढच्या टोकाला पिशवी उशाला घेऊन आडवे होत आणि चक्क घोरत.

"इंजिनाला हात ओळखता येतो," बाबा म्हणाले.

"इंजिनाला फक्त पेट्रोल ओळखता येतं, बाबा."

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

रविवारी जेवताना त्यांनी सांगूनच टाकलं. "शनिवारपर्यंत बघतो. शनिवारी बंद पडलं तर बोट पायलटला देणार. लोकांच्या जिवाशी खेळ नको."

"अहो, पोरगी वर्षभर राबतेय," आई म्हणाली.

"मी इंजिनाबद्दल बोलतोय."

"मला कळतं हो तुम्ही कशाबद्दल बोलताय ते."

मला ती बोट हवी होती. पावाच्या कारखान्यात अकरा वर्षं मी पाकिटांवर लेबलं चिकटवली. नदीवर आल्यापासून पहिल्यांदा मला सकाळी उठावंसं वाटायला लागलं होतं. पायलटला बोट मिळणार म्हणजे मी परत लेबलं चिकटवणार, एवढा साधा हिशोब होता.

सोमवारी मी प्लग बदलले. मंगळवारी फिल्टर. बुधवारी टाकीच्या तळाशी पाणी असेल म्हणून ती रिकामी करून धुतली. पाणी नव्हतं, शर्टाचं एक बटण निघालं. बाबांनी ते पुसून खिशात ठेवलं आणि वर मलाच विचारलं, "हे कसं गेलं आत?" टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू तर मी इतक्यांदा तपासला की झोपेतही माझी बोटं फिरत होती, असं आई सांगते. गुरुवारी हात टेकले आणि इंजिन मिस्त्रीकडे नेलं.

मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाण्याने भरलेलं निळं पिंप आहे. त्याच्या काठाला त्याने इंजिन अडकवलं आणि टाकीची नळी जोडून सुरू केलं. ते तासभर चाललं. मिस्त्रीचा चहा पिऊन झाला, पेपर वाचून झाला, शब्दकोड्याचे उभे शब्द भरून झाले.

"ताई, हे माझ्याहून ठणठणीत आहे."

"मग घोडं पेंड कुठे खातंय?"

त्याने नळीच्या मधल्या रबरी फुग्यावर बोट ठेवलं. पेट्रोल पुढे ढकलायला तो हाताने दाबायचा असतो. "बंद पडल्यावर हा कसा असतो?"

"भरलेला. नेहमीसारखा."

"बंद पडल्यावर नाही, पडत असताना बघा. चपटा झाला असला, तर टाकीकडूनच पेट्रोल येत नाही. बिचाऱ्या इंजिनाला शिव्या देऊ नका."

"मी कशाला देतेय? बाबा मला देतात."

शनिवारी सकाळी बोटीत नर्स होती, मुद्दाम साक्षीला आलेली आई होती आणि समोरच्या फळीवर बाबा. पायलट पलीकडच्या धक्क्यावर चष्मा लावून तयारच होता.

मधली ओढ आली. घुर्र. माझा हात सवयीने दोरीकडे गेला, तो मी आवरला आणि खाली बघितलं. फुगा सुकलेल्या अंजिरासारखा चपटा झाला होता. त्याच्यामागून टाकीकडे जाणारी नळी पायांखालच्या गोणपाटात शिरली होती, आणि त्या गोणपाटावर बाबांच्या दोन्ही टाचा होत्या. नुसत्या ठेवलेल्या नव्हेत, रोवलेल्या. फळीला धरलेली बोटं पांढरी पडली होती.

मी प्लग बदलत बसले होते आणि वर्षभर इंजिनाचा गळा बाबा दाबत होते! ते बंद पडलं की बाबा घाबरून उभे राहत, नळी मोकळी होई, फुगा भरे आणि मी मूर्खासारखी दोरी ओढे. मला असा संताप आला की त्यांना तिथेच नदीत उतरवावंसं वाटलं. मग परत त्यांची बोटं दिसली. बाबांना भीती वाटत होती. मी रोज त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि तिथे मला मास्तरच दिसत राहिला.

"बाबा, पाय उचला!"

"काय?"

"पाय! दोन्ही! वर!"

"अहो, सांगतेय ना ती, उचला!" आई ओरडली.

बाबांनी पाय उचलले. इंजिन अडखळलं, दोनदा खोकलं आणि चालत राहिलं. बाबांनी गोणपाट बाजूला करून नळी पाहिली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"बाजूला ठेवा आता पाय, चालेल," मी म्हणाले. पण त्यांचा स्वतःच्या पायांवर भरवसा उरला नव्हता. दुसरा काठ येईपर्यंत हा पंच्याहत्तरीचा माणूस दोन्ही पाय हवेत धरून बसला. नर्सने न विणलेली लोकर पिशवीत कोंबली आणि नेमक्या वेळेवर कामाला गेली.

"मग काय काका?" पायलट पुढे झाला. "आजपासून मी बघू ना?"

"दोष सापडला," धक्क्यावर चढत बाबा म्हणाले.

"काय होतं?"

"नळीवर वजन येत होतं."

"कसलं वजन?"

"सत्तर किलोचं." आई एकदम नदीकडे बघायला लागली.

"मग मी आता...?"

"तुला पलीकडे जायचं असलं तर तिच्या बोटीत बस. निघतेय ती."

पायलट बसला. मी बाबांसाठी फळी पुसली आणि हात पुढे केला.

"तू जा," ते म्हणाले. "मी पुढच्या फेरीला येतो."

ते धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसले. "तिच्या बोटीत" म्हणाले होते ते. मी तोंड फिरवून दोरी ओढली, गरजेपेक्षा कितीतरी जोरात.