मशीनला न दिसलेला खोकला

आमच्या लॅबमधलं मशीन फार शिस्तीचं. नाकातून घेतलेल्या नमुन्यात डांग्या खोकल्याच्या जंतूच्या जनुकांतला एक ठरावीक तुकडा ते शोधतं. सापडला की रेघ वर चढते, नाही सापडला की सपाट. आमचे साहेब तर त्याच्या प्रेमातच पडलेले. मशीन आल्यापासून काळ्या ताटल्यांवर जंतू वाढवून बघायचं काम त्यांनी बंदच करून टाकलं. म्हणे आठवडाभर वाट बघत कोण बसणार.

यंदा सगळ्या रेघा सपाट येत होत्या. साहेब खूश, आजार हटला म्हणून. आणि खाली तपासणीच्या रांगेत माणसं खोकून खोकून वाकलेली. उबळ संपली की श्वास ओढल्याचा तो लांबट आवाज जिन्यावरून वर यायचा. आजार हटला तर हा आवाज कशाचा? साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "साधा खोकला आहे तो. तुला सगळीकडे भुतंच दिसतात."

मग आई तशीच खोकायला लागली. घरात दादाची तान्ही मुलगी. वहिनीने स्पष्ट सांगितलं, रिपोर्ट आल्याशिवाय बाळ मांडीवर देणार नाही. आई रुसली, दारातूनच नातीला बघत राहायची. मी तिचा नमुना मशीनला लावला. सपाट. पुन्हा लावला, तरी सपाट.

"घे आता नातीला," मी आईला म्हटलं. वर वहिनीला टोमणाही मारला, "झालं समाधान?" बिचारीने बाळ आईच्या मांडीवर ठेवलं.

पण मला चैन पडेना. आईच्या नाकातून आणखी एक नमुना घेतला आणि कपाटात उरलेल्या काळ्या ताटलीवर फिरवून ठेवला, साहेबांना न सांगता.

आठवडा झाल्यावर आज दुपारी झाकण उघडलं. काळ्यावर पारा सांडल्यासारखे बारीक थेंब चकाकत होते. सगळ्या खुणा तपासल्या, डांग्या खोकल्याचाच जंतू. त्यातलेच थेंब खरवडून मशीनला दिले. रेघ सपाट. लाखो जिवंत जंतू पुढ्यात, आणि ते शांतपणे सांगत होतं, इथे कुणी नाही.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मशीन शोधतं तो तुकडाच या जंतूने गमावला होता. ज्यांच्यात तो होता ते आम्हाला सापडले, त्यांना आम्ही औषधाने मारलं. याला मोकळं रान मिळालं. चाळणी आम्हीच धरली होती, आणि तिच्यातून निसटलेलाच गावभर झाला.

घरी फोन लावला. वहिनीने उचलला.

"बाळ खोकतंय का गं?"

"छे, अजिबात नाही. आईंच्या मांडीवर आहे. सकाळपासून इतकी शांत आहे, दूधसुद्धा मागितलं नाही."

इतक्या तान्ह्या बाळांना या आजारात बरेचदा खोकला येतच नाही. श्वासच थांबतो.

"दादाला गाडी काढायला सांग. आणि फोन तिच्या नाकाशी धर, आत्ता."

एक श्वास ऐकू आला, अगदी बारीक. मग काहीच नाही. मी वाट बघितली. तरीही काही नाही.

"वहिनी, उचल तिला. तळपाय चोळ, जोरात."

पलीकडे कपड्यांची खसखस झाली. श्वास अजून आला नव्हता, आणि आई दबक्या आवाजात वहिनीला दटावत होती, "राहू दे गं, उठवू नकोस. आत्ता कुठे माझ्याकडे झोपलीये."