उन्हाची तूट

मला कुरडई घालता येत नाही. पापड लाटला की त्याचा नकाशा होतो, आणि लोणच्याला माझा हात लागला की महिन्यात बुरशी धरते. शिवणकाम शिकायला गेले होते, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी आठव्या दिवशी फी परत दिली आणि वर चहा पाजला. मला येत होतं ते एकच. वर्ध्याच्या एका साडीच्या दुकानात चौदा वर्षं काउंटरवर उभी राहून साड्या उलगडून दाखवणं, पुन्हा घडी घालणं, आणि पावती दिल्याशिवाय गिऱ्हाईक पायरी उतरू न देणं. मालक गेले, त्यांच्या मुलाने तिथे मोबाईलचं शोरूम काढलं, आणि माझ्या घड्या घालण्याला किंमत उरली नाही.

नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झालेली. मूलबाळ नाही. बँकेत बावीस हजार. नागपूरहून धाकट्या भावाचा, अंकितचा, फोन आला, "ताई, एकटी काऊन राह्यतं तिथं? इकडंच ये. काजललेही मदत होईन." काजल म्हणजे माझी वहिनी, तिला जूनमध्ये बाळ होणार होतं. अंकित मनाने वाईट नाही. पण त्या 'मदत होईन'चा अर्थ मला पुरता कळत होता. हॉलमध्ये दिवाणावर झोपायचं, सगळ्यांच्या आधी उठायचं, आणि कुणी विचारलं की 'ही आमची ताई, आमच्याकडेच असते' हे ऐकून घ्यायचं. मला ते नको होतं. मी त्याला म्हटलं, "मेअखेरपर्यंत थांब. काही जमलं नाई तर येतो."

आता जमवायचं काय, हा प्रश्न होता. मी वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला अनसूयाबाईंच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहते. घर जुनं, गच्ची मोठी, आसपास एक झाड नाही. एप्रिल लागला की माझी खोली भट्टी होते. समोर नव्या फ्लॅटच्या इमारती झाल्यात. तिथल्या गच्च्यांवर सोलरची पॅनेल आणि पाण्याच्या टाक्या, आणि दाराला कुलूप. मार्चमध्ये भाजीच्या गाडीपाशी दोन शिक्षिका बोलत होत्या की कुरडया घालायच्या तरी कुठे, बाल्कनीत तर टॉवेल वाळत नाही. मी कोथिंबीर हातात घेऊन तशीच उभी राहिले. जे ऊन मला वर्षानुवर्षं फुकट भाजून काढत होतं, ते विकता येण्यासारखं होतं!

अनसूयाबाईंना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ऊन कोणी इकत घेते का वं, सपने?"

"ऊन नाई मावशी, राखण. बायका चीक घेऊन येतीन, गच्चीवर कुरडया घालतीन अन् आपल्या ऑफिसले जातीन. मी दिवसभर माकडं हाकलीन, उलटवीन, वाळलं की डब्यात भरून देईन. गव्हाले, मिरचीले ऊन देईन. यात शिकाले काय लागते?"

"माकडापेक्षा हुशार असा लागते," त्या म्हणाल्या, आणि गच्चीची किल्ली दिली.

जाड प्लास्टिकचे ताव, जाळी, एक वजनकाटा, दोन काठ्या आणि पावतीपुस्तकं. निम्मे पैसे तिथेच गेले. दर किलोमागे ठेवला. चीक आला की भांड्यासकट काट्यावर, भांड्याचं वजन वजा, पावतीवर आकडा, खाली माझी सही. चौदा वर्षांची सवय होती आणि मला तिचा अभिमानही होता. वाळवणाला पावती देणारी अख्ख्या जिल्ह्यात मी एकटीच असेन.

एप्रिलमध्ये अकरा घरं आली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. चेहरा काळा पडला, नाकाचं कातडं सोलून निघालं, तरी मी खूश होते. मग आली पावती क्रमांक सदतीस.

ती सुमतीकाकूंची. त्या पहाटे चीक घेऊन आल्या, सोऱ्याने भराभर कुरडया घातल्या आणि त्याच दुपारी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या. चौथ्या दिवशी डबा न्यायला त्यांचे यजमान आले, बंडोपंत. बंडोपंतांनी सरकारी धान्य गोदामात एकतीस वर्षं कारकुनी केलेली. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी ते घरी आलेल्या साखरेचं पुडकंसुद्धा मोजून घेतात. डबा घेऊन गेले आणि अर्ध्या तासात परत आले.

"पावतीवर चार किलो दोनशे ग्राम," ते म्हणाले. "डब्यात एक किलो तीनशे. बाकीचे दोन किलो नऊशे कुठी गेले?"

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. म्हटलं, "काका, वाळलं ना ते. ओल्याचं वजन होतं पावतीवर."

"वाळलं हे मले समजते. आमच्या गोदामात शंभर पोत्यांमागं अर्धा टक्का तूट मंजूर होती. एक टक्का झाली तर चौकशी लागे. हे एकोणसत्तर टक्के आहे!"

"काकूंले विचारा."

"विचारलं. ते म्हणते, कमीच होत असते. कमी होणं वेगळं अन् सत्तर टक्के जाणं वेगळं. कागदावर तुमची सही आहे, सपनाबाई."

खरं सांगते, मला इतका राग आला की मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, "जन्मभर कुरडया खाल्ल्या, कधी घालताना पाह्यलं का?" ते लाल झाले आणि निघून गेले. संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर माझ्या पावतीचा फोटो, शेजारी काट्यावरच्या डब्याचा फोटो, आणि खाली एक ओळ: 'सिंदी मेघे गच्ची वाळवण सेवा. तूट ६९ टक्के. सभासदांनी आपापला माल तपासून घ्यावा.'

कुरडई घालणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं की चीक वाळला की जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. पण त्यांनी तोवर कधी वजन केलंच नव्हतं. असे आकडे शेजारी शेजारी पाहिले की आपल्या आईने शिकवलेलंही माणसाला खोटं वाटायला लागतं. दुसऱ्या दिवशी दोघी येतो म्हणून सांगून आल्या नाहीत. कौशल्याबाई माझ्याकडे ऊन द्यायला टाकलेले गव्हाचे चार कट्टे उचलून घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "तुह्यावर शंका नाई वं, पण मालक ऐकत नाई." शुक्रवारी गच्चीवर फक्त माझी काठी आणि रिकामे ताव उरले. त्याच दिवशी अंकितचा फोन. "ताई, मे संपतच आला. रविवारी मित्राचा टेम्पो घेऊन येतो. सामान बांधून ठेवजो."

मी पेटी काढली. दोन साड्या ठेवल्या. तिसरी घडी घालताना माझाच मला संताप आला. चोरी केली नाही, आळस केला नाही, आणि एका काट्याने मला हॉलमधल्या दिवाणावर नेऊन टाकायचं? पेटी तशीच उघडी ठेवून मी बंडोपंतांच्या दारात गेले.

"काका, गोदामात तूट निघाली तर काय करत होते?"

"फेरमोजणी. साक्षीदारासमोर."

"मग उद्या सकाळी सहाले गच्चीवर या. साक्षीदार तुम्ही. टोपी आणजो, ऊन लय आहे."

चीक अनसूयाबाईंनी स्वतःचा दिला. स्वतःच्या कुरडयांसाठी तीन दिवस भिजवलेले गहू त्यांनी रात्री शिव्या घालतच वाटले असतील, कारण सकाळी पातेलं ठेवताना म्हणाल्या, "या बुढ्ढ्याले आज वाळवूनच सोडजो." बंडोपंत आले ते वही, पेन, छत्री आणि डोक्याला ओला दुपट्टा बांधून. चीक त्यांनी स्वतः तोलला. भांडं वजा करून बरोबर चार किलो दोनशे, अनसूयाबाईंनी मुद्दाम तेवढाच केला होता. अनसूयाबाईंनी सोऱ्याने एकशे बारा कुरडया घातल्या, त्याही बंडोपंतांनी मोजल्या. मग खुर्ची टाकून बसले.

मी त्यांच्याकडे काठी दिली. "राखण तुमची. मी हातही लावणार नाई."

सकाळी ते ऐटीत बसले होते. दहाला खुर्ची सावलीकडे सरकवायला गेले तर गच्चीवर सावलीच नव्हती. अकराला माकडांची टोळी आली, तेव्हा हा सत्तरीचा माणूस काठी घेऊन 'हाट, हाट' करत तिच्यामागे असा धावला की समोरच्या फ्लॅटमधली पोरं खिडकीत जमली. दर अर्ध्या तासाला वहीत नोंद. मी ताक द्यायला गेले तेव्हा वाचलं: 'साडेबारा. चिमणी, एक. काही नेले नाही.' दुपारी दोनला त्यांचे ओठ सुकले होते. मी म्हटलं, "काका, खाली जाऊन पडा घडीभर." त्यांनी मान हलवली. "साक्षीदार जागा सोडत नाई." हट्टी माणूस! मला त्यांचा राग होता, पण त्या क्षणी तो जरा कमी झाला हे कबूल करते.

संध्याकाळी कुरडया उचलून तोलल्या. एक किलो नऊशे. बंडोपंतांनी काटा रिकामा करून पुन्हा तोलल्या. पुन्हा तेच. डब्याला कागद चिकटवून त्यावर सही केली, गच्चीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून गेले.

रविवारी पुन्हा सहाला हजर. कागद तपासून फाडला, कुरडया पसरल्या, उलटवल्याही त्यांनीच. एकच्या सुमाराला खाली टेम्पोचा हॉर्न वाजला आणि अंकित जिना चढून आला. घामाने निथळत म्हणाला, "ताई, सामान कुठी आहे? खोलीत तर पेटी उघडीच पडून आहे." मी त्याला हाताने थांबवलं. बंडोपंत काट्यापुढे उकिडवे बसले होते. एकशे बारा मोजून झाल्या होत्या, एकही कमी नाही.

काट्यावर आकडा आला. एक किलो दोनशे ऐंशी.

माझ्यापेक्षा वीस ग्रामने कमी. मी ओरडून सांगणार होते, तोंड उघडलंही होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मिटलं. ते हिशेब करत नव्हते. हातातली कुरडई उलटीसुलटी करून पाहत होते.

"सपनाबाई," ते म्हणाले, "आमच्या गोदामात तानबा नावाचा हमाल होता. एका साली मिरची ओली आली. दोन महिन्यांनी तोलली तर लय तूट. किल्ली त्याच्यापाशी राहे. मी त्याच्या नावावर रिपोर्ट लिहिला. तो म्हणे, साहेब, मिरची वाळली. म्या लिहिलं, खुलासा समाधानकारक नाही. त्याले काढून टाकलं."

अनसूयाबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"आता कुठी असते तो?" मी विचारलं.

"सिंदी रेल्वे गावात. पोराजवळ."

"मग लांब नाई," मी म्हटलं. "जाऊन या."

त्यांनी मान डोलावली. मग तिथेच बसून मोबाईल काढला आणि एकेक अक्षर शोधत ग्रुपवर लिहिलं. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं, चूक आहे का म्हणून: 'दिनांक व वेळेनुसार प्रत्यक्ष देखरेखीखाली फेरमोजणी केली. माझ्या स्वतःच्या राखणीत तूट ६९.५ टक्के आली. तक्रार चुकीची होती. श्रीमती सपनाबाई यांची मी माफी मागतो. बंडोपंत.'

ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या उन्हात ते कुणाला दिसण्याआधीच वाळलं. मग बंडोपंत म्हणाले, "पावतीत दोन रकाने पायजेत. ओलं अन् वाळलं. खाली एक ओळ छापून घ्या. मी सांगतो." आणि माझ्या पावतीपुस्तकाच्या मागे त्यांनी आपल्या कारकुनी अक्षरात लिहून दिलं: 'वाळल्याने घटलेले वजन उन्हाचे समजावे.' आजही माझ्या प्रत्येक पावतीवर ती ओळ असते.

पाच मिनिटांत फोन वाजला. कौशल्याबाई होत्या. त्यांच्या यजमानांनी ग्रुप वाचला होता, गव्हाला ऊन उद्यापासून मिळेल का विचारत होत्या. मी म्हटलं, "उद्या काऊन? आज."

अंकित भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "मग टेम्पो काय रिकामा नेऊ?"

"रिकामा काऊन? तिसऱ्या गल्लीत कौशल्याबाई राह्यतात. त्यांचे चार कट्टे घेऊन ये. तोलून घेजो."

त्याने कपाळावरचा घाम पुसला. मला वाटलं, चिडेल. पण खाली गेला, टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, आणि वीस मिनिटांनी पहिला कट्टा खांद्यावर घेऊन तो जिना चढत होता. मधल्या पायरीवर दम घ्यायला थांबला.

"ताई, काजलले काय सांगू?"

मी कट्ट्याचं दुसरं टोक धरलं. "सांग, बाळ झालं की येतो. दोन दिवस. पाहुणी म्हणून येतो."