दार उघडायला लागणारा वेळ

काचेपलीकडच्या खोलीत, खेळून बघायला बोलावलेल्या एका नर्सने कंट्रोलर हातात घेतला, तसे त्याने आपले दोन्ही हात खिशात कोंबले. प्रोड्यूसर बाई अगदी शेजारी उभ्या होत्या.

'निजलेलं घर' या भुताटकीच्या व्हिडिओ गेमचा पहिला भाग त्याने बनवला होता, ऐन तिशीत. पुढचे भाग इतरांनी केले आणि प्रत्येक वेळी लोक कुरकुरले, की ज्याचं काम त्यानेच करावं. म्हणून केस पिकल्यावर त्याला मानाने परत बोलावलं होतं. ऑफिसात सगळे त्याला 'मूळपुरुष' म्हणत, तोंडावर आदराने आणि पाठीमागे हसून. आज बाहेरचं कुणी नवा भाग पहिल्यांदाच खेळणार होतं. त्या माणसाला भीती वाटली नाही, तर मालक हा भाग गुंडाळणार होते आणि त्याबरोबर मूळपुरुषालाही. या वयात पुन्हा कोण बोलावतंय?

पडद्यावर अंधारा जिना होता आणि वर एक दार. नर्सने बटण दाबलं. दार फटकन उघडलं. भिंतीकडे तोंड करून उभी असलेली बाई सावकाश वळली. नर्सने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या कंट्रोलरकडे, काही बिघडलंय की काय अशा नजरेने. मग दुसरं दार, तिसरं दार. चौथ्याशी तिने चक्क जांभई दिली.

मूळपुरुष काचेच्या आणखी जवळ सरकला.

"दारांचं मी बोलले होते तुम्हाला," प्रोड्यूसर बाई हळूच म्हणाल्या.

बोलल्या होत्या खऱ्या. पहिल्या भागात दार उघडायला चार-पाच सेकंद लागायचे. पडदा काळा व्हायचा आणि नुसती कडी करकरत राहायची. नव्या यंत्राला त्याची काही गरज नव्हती, तरी प्रोग्रामरने ते थांबणं मोठ्या हौसेने पुन्हा घातलं होतं. मूळपुरुषाने आल्या आल्या ते काढायला लावलं. त्या थांबण्यापायी त्याने एके काळी भरपूर बोलणी खाल्ली होती. तीच नामुष्की कुणीतरी इतकी जपून ठेवलेली पाहून त्याचं डोकंच फिरलं होतं. प्रोग्रामरने 'बरं' म्हटलं. मूळपुरुषापुढे तो दुसरं काय बोलणार?

मूळपुरुष काचेचं दार ढकलून आत गेला.

"भीती नाही वाटली?"

"दार लगेच उघडतं हो." नर्स ओशाळली. "रागावू नका हं. शाळेत असताना मी आणि माझा भाऊ खेळायचो. कडी वाजायला लागली की तो माझं मनगट धरायचा, मी त्याचं. आत काय आहे ते आम्हाला पाठ होतं, तरी हात सुटायचा नाही. वाटायचं, आज दुसरंच काही असलं तर?" तिने त्याच्याकडे वर पाहिलं. "तुम्ही मुद्दाम ठेवलं होतं ना ते?"

काचेपलीकडे प्रोड्यूसर बाई होत्या, प्रोग्रामर होता. माईक सुरू होता. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "यंत्र मंद होतं. मला लाज वाटायची त्याची."

"मंद?" नर्सला हसू आलं. "आम्हाला नाही हो कधी तसं वाटलं."

तो काचेकडे वळला. "ते थांबणं परत घाल बाबा. तू केलं होतंस तसंच."

प्रोग्रामरने ते पुसलं नव्हतंच, नुसतं बंद करून ठेवलं होतं. लगेच सुरू झालं.

"आता तुम्ही बघा," म्हणत नर्सने कंट्रोलर त्याच्या हातात दिला.

आपल्या खेळाची त्याला कधीच भीती वाटली नव्हती. स्वतः काढलेल्या भुताला कोण घाबरतं? तिच्या शेजारी बसून त्याने बेधडक बटण दाबलं. पडदा काळा झाला. कडी करकरू लागली. दारामागे ती बाई होती, तिच्या केसांची बट न् बट त्याने रेखली होती. कडी करकरतच राहिली. असणार तीच, दुसरं कोण असणार? त्याचा एक हात कंट्रोलरवरून सुटला आणि शेजारी चाचपू लागला. नर्सचं मनगट सापडलं तसं त्याने ते घट्ट धरलं. तिने ते सोडवून घेतलं नाही.

दार उघडलं.

"चला ना आत," ती म्हणाली.

त्याने कंट्रोलर तिच्याकडे सरकवला.

"आधी तुम्ही."