पालथा हंडा

मी एक जुना बिडाचा हंडा आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझे पाय अडीच आहेत. ओतला तेव्हा चांगले तीन होते. उरलेला अर्धा कुठे गेला ते ऐकलंत, की माझी सगळी कहाणी ऐकलीत असं समजा.

माझा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जियातल्या एका भट्टीत झाला. तिथून मी होलिस्टर मालकांच्या कापसाच्या मळ्यावर आलो. माझं काम कपडे उकळायचं. साठ माणसांचे जाडेभरडे कपडे, आणि मालकीणबाईंच्या चादरी वेगळ्या. माझ्याखाली जाळ घालायची फिबीमावशी. ती मालकांची होती, तसा मीही मालकांचाच. मनात आलं तर दोघांनाही विकता येत होतं.

रविवारी दिवस कलला की माझं दुसरं काम सुरू व्हायचं. गुलामांनी जमून प्रार्थना करायची नाही, असा मळ्याचा हुकूम होता. मुकादमाच्या कानावर गेलं की चाबूक. म्हणून सगळे फिबीमावशीच्या खोपटात जमायचे आणि मला दारात पालथं घालायचे. पालथा हंडा आवाज गिळतो, असं त्यांच्या आज्या-पणज्या सांगत आल्या होत्या. मग मिंगोकाका मान खाली घालून म्हणायचे, "देवा, आम्हाला सोडव. आणि जरा लवकर सोडव, माझे गुडघे आता थकले."

खरं सांगू? मला आवाज गिळता येत नाही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, तसा आवाज माझ्यावरून निघून जातो. पण माझ्यावर भरवसा ठेवून ती माणसं माझ्याकडे वाकून हळू बोलायची, आणि हळू बोलायची म्हणून वाचायची. माझं कौतुक मात्र फार व्हायचं. मीही ते गुपचूप ऐकून घ्यायचो.

फिबीमावशीची लेक सिंडी. सात वर्षांची असताना एका रविवारी ती मला एकटीच दाराशी न्यायला निघाली. हातातून सुटलो आणि उंबऱ्याच्या दगडावर माझा अर्धा पाय तुटला. पोर भीतीनं जागीच थिजली. मावशीनं हात उगारला, तसाच खाली घेतला.

"जाऊ दे. मी एका पायानं लंगडते, आता हाही लंगडा. घरात जोडी झाली," ती म्हणाली. त्यानंतर किती तरी दिवस सिंडी माझ्या खुंटाखाली न विसरता दगडाची चीप लावत असे.

सिंडी नऊ वर्षांची झाली आणि मालकांनी तिला विकलं. गाडी मळ्याबाहेर निघाली तेव्हा मावशी माझ्यापाशी उभी होती. मुकादमानं तिला हलू दिलं नाही, कारण चादरी उकळत होत्या. ती ढवळत राहिली. त्या संध्याकाळी तिनं मला पालथं घालून माझी कड उचलली, आत तोंड घातलं आणि "सिंडी" म्हणाली. "ठेव सांभाळून. ती आली की तिला दे."

तेव्हापासून रोज ती ते नाव माझ्यात ठेवायची. मित्रांनो, मी काय करणार होतो?

पुढच्या वसंतात देशाची उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं एकमेकांच्या उरावर बसली. मालकांचा मुलगा दक्षिणेकडून वाजतगाजत लढायला गेला. कापूस वेचायच्या आत परत येतो म्हणाला.

"भांडण कशावरून आहे?" मावशीनं विचारलं.

"दोघंही म्हणतात, तुमच्यावरून नाही," मिंगोकाका म्हणाले. "म्हणजे आपल्यावरूनच."

कापूस चार वेळा वेचून झाला. बंदरं बंद पडली, मीठ मिळेना. ज्या कोठीत डुकराचं खारवलेलं मांस टांगत, तिथली खारी माती खणून मालकीणबाईंनी माझ्यात उकळायला लावली. मातीतून मूठभर काळपट मीठ निघालं. त्याच आठवड्यात त्यांचा मुलगा लढाईत पडल्याचं पत्र आलं. बाई माझ्या जाळाशेजारी जमिनीवरच बसल्या. मावशीनं त्यांना पाणी दिलं आणि मला ढवळत पुटपुटली, "तिचं पोर गेलं, हे तिला कळलं तरी."

मग उत्तरेचे निळ्या डगल्यांचे शिपाई आले. त्यांनी कोंबड्या नेल्या, मका नेला, आमच्या लोकांच्या गोधड्यासुद्धा नेल्या. एकानं मला हात घातला, तर मावशी माझ्यावर बसलीच. "मला उचलायची ताकद असेल तर ने," ती म्हणाली. तो हसला आणि गेला. दुसऱ्या दिवशी मला डोक्यावर घेऊन ती त्यांच्यामागून चालू लागली. छावणीत ती शिपायांचे कपडे धुवायची. माझ्यातलं पाणी सारखं लाल व्हायचं. मिंगोकाका तिथेच तापानं गेले. सुटका त्यांची चार महिन्यांनी हुकली.

युद्ध संपलं. गुलामगिरी संपली असं मोठ्यानं वाचून दाखवलं. पहिल्या उघड प्रार्थनेला मावशीनं सवयीनं मला दारात पालथं घातलं, तसे सगळे हसले. "मावशी, सरळ कर त्याला. आता ऐकू देत," कुणीतरी म्हणालं. तिनं मला सरळ केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा भर रस्त्याकडे तोंड करून ओरडली. ओरडली ते लेकीचं नाव. मग कुणी हसलं नाही.

हरवलेल्या माणसांसाठी तेव्हा वर्तमानपत्रात मजकूर देत, आणि गावोगावच्या चर्चमध्ये तो वाचत. मावशीनंही लिहवून घेतला. होलिस्टरच्या मळ्यावरची सिंडी, रंग सावळा, बांधा बारीक, डाव्या खांद्यावर भाजल्याची खूण, ठावठिकाणा कळवावा. सहा वर्षं ती तेच पाठवत राहिली. शेवटी आमच्या लोकांसाठी निघालेल्या शाळेतल्या लव्हिनियाबाई चाचरत म्हणाल्या, "मावशी, हे पळालेल्या गुलामाच्या जाहिरातीसारखं झालंय."

"मग दुसरं कसं लिहितात? मी तेवढंच ऐकलंय बाई."

"आई सांगेल तसं सांगा."

मावशीनं माझ्या तुटक्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, "लिहा. तिनं हंड्याचा पाय मोडला होता. मी मारलं नव्हतं."

पुढचं सगळं मी सिंडीच्या तोंडून ऐकलं. दूर टेक्सासमध्ये नव्या मालकानं तिचं नाव कॅरोलिन ठेवलं होतं. पहिला मजकूर तिनं चर्चमध्ये ऐकला होता. ऐकताच तिनं शाल खांद्यावर ओढून घेतली. होलिस्टर आपल्याला परत धरून न्यायला बघतोय असं वाटून तिनं ते गावच सोडलं. हंड्याचा मजकूर तिच्यापर्यंत पोचला तेव्हा ती बाकावरून उठली आणि तशीच निघाली. वाटेत कामं करत, मैलच्या मैल चालत ती आली. मावशीला पुरून अकरा दिवस झाले होते.

लव्हिनियाबाईंनी तिला अंगणात माझ्यापाशी आणलं. सिंडीनं माझा तुटका खुंट चाचपला. मग गुडघ्यांवर बसून माझ्या आत डोकं घातलं.

"माय, मी आले गं."

मित्रांनो, हजारो वेळा सांभाळायला दिलेलं ते नाव माझ्यात कुठेच नव्हतं. जन्मभर ज्याचं कौतुक ऐकून घेतलं, ते मला कधी येतच नव्हतं. तेव्हा मला माझीच लाज वाटली.

 मग तिनं स्वतःचंच नाव घेतलं, ज्या नावानं बारा वर्षांत तिला कुणी हाक मारली नव्हती. "सिंडी." माझ्या बिडावर आपटून ते परत तिच्या कानी गेलं, जरासं घोगरं, जरा वयस्क. तिला त्यात मायचा आवाज ऐकू आला. तिनं पुन्हा म्हटलं, आणि मी पुन्हा दिलं. सूर्य बुडेपर्यंत आम्ही तेवढंच करत होतो.

आता मी सिंडीच्या नातवंडांच्या अंगणात असतो. माझ्यात झेंडू लावलाय, पोरं माझ्यावर चढतात, गंजलोही आहे. त्याबद्दल तक्रार नाही. एकच मागणं आहे. मला पालथं घालू नका. आणि आपल्या माणसाला हाक मारायची असेल तर हंड्यात मारू नका, माणसालाच हाक मारा, ते ऐकायला आहे तोवर.