विहिरीपाशी उभा राहिलेला पोशाख

मित्रांनो, मला सुई लागली नाही की दोरा लागला नाही, तरी मी एक जुना पोशाख आहे. कोरियातल्या एका ऑनलाइन खेळात माझा जन्म झाला. प्यो सुंग-आ नावाच्या चित्रकार बाईंनी खेळातल्या भुतांच्या उत्सवासाठी मला रेखाटले: कोरियात घरातले माणूस गेल्यावर घालतात तसा भरड कापडाचा सुतकी झगा, चेहरा झाकणारी कामट्यांची रुंद टोपी आणि हातात लुकलुकणारा कंदील.

ग्वांगजूच्या गिल ना-उनने मला हौसेने घेतले. दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात काम करी आणि संध्याकाळी खेळात मला घालून आपल्या टोळीतल्या मित्रांच्या मागे गुपचूप उभी राही. ते दचकले की तिला हसू आवरत नसे. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

पण टोळीतल्या ह्यो-रिमचे डोके माझ्या कंदिलाने ठणकू लागे. पुढे खेळात एक नवी सोय आली. ती चालू केली की इतरांचे पोशाख लपत आणि सगळे जण साध्या तपकिरी कपड्यांत दिसत. ह्यो-रिमने ती लगेच चालू केली. मग बाकीच्यांनीही केली.

"ताई, रागावू नकोस गं," ह्यो-रिमने ना-उनला लिहिले.

"हौसेने घेतला मी, आणि तुम्ही बघणारच नाही?"

"पोशाख तुझा, पण डोकं माझं आहे ना."

"बरं बाई, जप तुझं डोकं," ना-उन म्हणाली आणि तिने मला कपाटात ठेवून दिले.

दोन हिवाळे मला कोणी हात लावला नाही. मग एका दुपारी कपाट उघडले. मला चढवले गेले, पण तो हात ना-उनचा नव्हता. ती झपाझप चाले. हा हात अडखळत, भिंतींवर आपटत मला गावच्या विहिरीपाशी घेऊन गेला आणि तिथेच थांबला. तासभर हलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे पाच दिवस.

मित्र येत-जात होते. त्यांना तपकिरी कपड्यांतली ना-उन दिसत होती.

"महिनाभर गायब, आणि आता मौनव्रत का?" टोळीचा म्होरक्या ताक जू-हो म्हणाला. "बोलायचं नसेल तर टोळीतून नाव काढतो हं."

उत्तर आले नाही. त्याने नाव काढले.

ह्यो-रिमला मात्र चैन पडेना. पाचव्या दिवशी तिने ती सोय बंद केली, आणि मी तिला दिसलो. मला घातल्यावर ना-उन अशी एका जागी कधी थांबत नसे; ती कोणाच्या तरी मागे जाऊन उभी राही. मग तिने लिहिले, "तू ताई नाहीस. कोण आहेस?"

एकेक अक्षर शोधत उत्तर उमटले. "मी तिचा बाप. ना-उन मागच्या महिन्यात वारली. मला पटकन लिहिता येत नाही. वाटलं, हे कपडे बघून तुम्हाला कळेल."

"काका, आम्हाला कपडे दिसतच नव्हते."

जू-होने नाव परत लावले. सगळ्यांनी ती सोय बंद केली. ते विहिरीभोवती जमले आणि कोरियात मृतांना करतात तसे दोनदा जमिनीपर्यंत वाकले. डोके फुटत असतानाही ह्यो-रिम कंदिलासमोरून हटली नाही. वडील खेळातून बाहेर पडल्यावर तिने ती सोय पुन्हा चालू केली. तिला कोणी बोल लावला नाही.

वडील परत आले नाहीत. त्यांनी मला उतरवलेही नाही. त्या बंद खात्याच्या अंधारात ना-उनची आकृती अजून माझ्या आत उभी आहे.

मित्रांनो, डोळ्यांना सोसत नसेन तर मला खुशाल झाका. पण समोरचा माणूस गप्प उभा असेल, तर त्याचे नाव पुसण्याआधी त्याला एकदा विचारा, "कोण आहेस?"